कंबरदुखीच्या संशोधनात सहभागी होताना

संमतीपत्र ११ पानांचे होते आणि त्याच्या तिसऱ्या पानावरचे एक वाक्य मी दोनदा वाचले. या अभ्यासात भाग घेतल्यामुळे तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असे नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले होते. चार वर्षांच्या कंबरदुखीत मी जो जो उपचार घेतला, त्याच्याबरोबर कोणती ना कोणती हमी मिळाली होती. पट्टा बांधा, सहा आठवड्यांत फरक पडेल. इंजेक्शन घ्या, वर्षभर त्रास होणार नाही. एवढा कोर्स पूर्ण करा, दुखणे मुळापासून जाईल. हमी देण्यास नकार देणारा कागद माझ्यासमोर प्रथमच आला होता, आणि बहुधा त्या एका वाक्यामुळेच मी सही केली.

अभ्यास विद्यापीठातील एका संशोधिकेचा होता. संशोधनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी अनेक वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून रुग्ण पाहिले होते. १२ आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीला जुनाट म्हणतात, त्यामुळे त्या कसोटीत मी सहज बसलो. त्यांचा प्रश्न मर्यादित होता आणि पहिल्याच भेटीत त्यांनी तो मला समजेल अशा शब्दांत सांगितला. कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचारात रुग्णाचे दुखण्याविषयीचे समज, त्याच्या हालचाली आणि त्याची दिनचर्या या तिन्हींवर एकत्र काम केले जाते. ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराचा ठळक परिणाम दिसला होता. मात्र तेथील उपचारकांना त्याआधी दीर्घ प्रशिक्षण मिळाले होते. त्याहून थोडक्या प्रशिक्षणावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांच्या हाती हाच परिणाम टिकतो का, एवढेच त्यांना तपासायचे होते.

माझे दुखणे अगदी साध्या क्षणी सुरू झाले होते. पाण्याची बादली उचलताना कंबरेत चमक निघाली आणि मी काही क्षण तसाच वाकलेला राहिलो. अशी उसण बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी भरते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत उतरते. माझी उतरली नाही. तीन आठवडे अंथरूण सोडू नका असे मला सांगण्यात आले आणि मी ते निष्ठेने पाळले. मग एमआरआय झाला. ‘गादी सरकली आहे’, ‘मणक्यांची झीज झाली आहे’, ‘नस दबण्याची शक्यता आहे’ ही वाक्ये कानावर पडली. आणि वाकू नका, वजन उचलू नका, फार वेळ उभे राहू नका अशी नकारांची यादी हाती आली. पुढे त्या यादीत मीच भर घालत गेलो. मोजे घालताना पाय खुर्चीवर ठेवू लागलो, खाली पडलेली वस्तू दुसऱ्याला उचलायला सांगू लागलो, लांबचा प्रवास टाळू लागलो. हे सारे काळजीपोटी करतो आहे अशी माझी समजूत होती आणि आपले जगणे आक्रसत चालले आहे हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ मला अभ्यासात घ्यावे की नाही हे ठरवण्यात गेला. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण कधी सुटले का, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला का, ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, एखादा अपघात, असे प्रश्न एकेक करून विचारले गेले. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले, गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, उताणे झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. हा सारा सोपस्कार केवळ नोंदीपुरता असावा असे मला वाटत होते. परंतु त्याच सकाळी माझ्या आधी तपासलेल्या एका गृहस्थांनी बाहेर येऊन सांगितले की त्यांच्या पावलातील ताकद कमी झालेली आढळली असून त्यांना अभ्यासात न घेता ताबडतोब शल्यचिकित्सकाकडे पाठवले जात आहे. तेव्हा या प्रश्नांचे वजन मला कळले. अस्थिभंग, जंतुसंसर्ग, गाठ किंवा मज्जातंतूंवरचा गंभीर दाब असे निश्चित कारण थोड्याच रुग्णांमध्ये सापडते. सुमारे ९० टक्के कंबरदुखी ‘अविशिष्ट’ या सदरात मोडते. अविशिष्ट म्हणजे खोटी किंवा मनाची नव्हे, हे मॅडमनी मी न विचारताच सांगितले. कोणत्या एका ऊतीतून वेदना निघते हे खात्रीने दाखवता येत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

त्यानंतर प्रश्नावल्या पुढे आल्या. त्यांतली रोलंड-मॉरिस प्रश्नावली माझ्या मनात अधिक राहिली. १९८३ पासून वापरात असलेल्या या प्रश्नावलीत २४ साधी विधाने असतात. कंबरेमुळे मी हळू चालतो, कंबरेमुळे मला झोप नीट लागत नाही, अशा स्वरूपाची ती विधाने असतात आणि आजच्या दिवशी लागू असलेल्या विधानावर फक्त खूण करायची असते. खुणांची बेरीज हाच गुणांक. वेदना किती आहे हे ० ते १० या मापावर मी झटकन ‘८’ म्हणून सांगितले होते, कारण तो आकडा सांगण्याची चार वर्षांत सवय झाली होती. या विधानांपुढे मात्र माझा हात थबकत राहिला. एकेका विधानाशी मला माझा एकेक दिवस आठवत होता. १६ खुणा झाल्या. वेदना आणि त्या वेदनेमुळे आलेली असमर्थता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या मोजता येतात आणि दुसरी पहिलीच्या प्रमाणातच असते असे नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम समजली. पेन परत घेताना मॅडम म्हणाल्या, “पुढच्या प्रत्येक वेळी असेच खरे लिहा. मला बरे वाटावे म्हणून एकही खूण कमी करू नका.”

मी कोणत्या गटात जाणार हे त्यांनाही ठाऊक नव्हते. बंद, अपारदर्शक पाकिटांचा क्रम दुसऱ्याच व्यक्तीने संगणकाने ठरवून ठेवला होता. एका गटाला नवा उपचार आणि दुसऱ्याला ते घेत होते तेच नेहमीचे उपचार, अशी विभागणी होती. दुसऱ्या गटात गेलो तर एवढी धडपड वाया गेली, असे मला आतून वाटत होते आणि मी ते बोलूनही दाखवले. त्यावर मिळालेले उत्तर मी आजही इतरांना सांगतो. कंबरदुखी चढते आणि उतरते. माणूस उपचारासाठी येतो तो बहुधा दुखणे कळसाला पोहोचल्यावर, म्हणजे ते आपसूकच उतरणीला लागण्याच्या बेतात असताना. अशा वेळी जो कोणी काही करील, त्याच्या पदरात यश पडते. पट्टा, इंजेक्शन, मालिश यांपैकी प्रत्येकाने मला ‘काही दिवस बरे’ का वाटले आणि नंतर पुन्हा जैसे थे का झाले, याचा अर्थ मला तेव्हा लागला. दुसरा गट नसेल तर उपचाराचा गुण कोणता आणि काळाचा गुण कोणता हे कधीच वेगळे करता येणार नाही. म्हणून त्या गटातील माणसाचे योगदान तसूभरही कमी नाही. माझ्या पाकिटात नवा उपचार निघाला. दुसऱ्या गटातील लोकांविषयी मला तेव्हापासून वाटणारी कृतज्ञता मात्र कायम आहे.

या पद्धतीतला एक कच्चा दुवा मॅडमनी स्वतःहून दाखवला. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की खोटी हे लपवता येते. येथे समोरासमोर संवाद आणि हालचाली असल्याने आपण कोणता उपचार घेत आहोत हे रुग्णाला कळतेच, आणि बरे होण्याच्या अपेक्षेचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही. निदान मोजमाप घेणाऱ्या व्यक्तीला तरी गट कळू नये म्हणून ती निराळी ठेवली होती, आणि तिच्याशी उपचाराविषयी बोलू नका अशी सूचना आम्हाला दर वेळी मिळत असे.

उपचाराच्या सात भेटी १२ आठवड्यांत झाल्या. पहिल्या भेटीत मला हातचे काहीच न राखता माझी हकिगत सांगायला लावली. वाकलात तर काय होईल असे तुम्हाला वाटते, असे विचारल्यावर मी म्हणालो, सरकलेली गादी आणखी सरकेल. ही भीती उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी हसण्यावारी नेली नाही. त्यांनी एक तक्ता समोर ठेवला. कंबर कधीच न दुखलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यातील तो तक्ता होता. गाद्यांची झीज विशीतील ३७ टक्के, चाळिशीतील ६८ टक्के आणि ऐंशीच्या घरातील ९६ टक्के निरोगी माणसांत आढळली होती. फुगलेली गादी चाळिशीतील निम्म्या लोकांत होती. माझे वय तेव्हा ४६ होते. केस पिकतात तसे मणके वयाप्रमाणे बदलतात आणि माझ्या अहवालातील बहुतेक शब्द त्या बदलाचे वर्णन करणारे होते, हे मला चार वर्षांत कोणीही सांगितले नव्हते. मला याचा संताप आला आणि तो अजून पुरता ओसरलेला नाही. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु अहवाल हातात देताना उच्चारलेले एक वाक्य माणसाला वर्षानुवर्षे वाकू देत नाही, याची जाणीव ते वाक्य उच्चारणाऱ्याला असली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

घरी आल्यावर मी या विषयावर वाचू लागलो. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी फाटलेल्या गादीचा दाब मज्जातंतूवर पडून पायात कळ कशी जाते हे दाखवले. तो शोध महत्त्वाचा होता, परंतु त्यानंतर पाठीच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याचे खापर गादीवर फुटू लागले. १९८६ मध्ये डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहण्याचा सल्ला दिला. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले आणि बाकी कशातही त्यांचे नुकसान झाले नाही. पुढच्याच वर्षी गॉर्डन वॉडेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकांनी वेदना आणि असमर्थता वेगळ्या करून पाहा, विश्रांतीचा आग्रह सोडा, असे ठामपणे मांडले. मला मिळालेला तीन आठवड्यांच्या विश्रांतीचा सल्ला त्यानंतर कितीतरी वर्षांनी दिलेला होता. २०२३ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवरची आपली पहिली मार्गदर्शिका काढली, तिच्यात पट्ट्यांचा नित्य वापर करू नये असे सुचवले आहे. माझ्या कपाटात तीन पट्टे होते.

उपचाराच्या पहिल्या भेटीतील दुसरा भाग हालचालींचा होता. मला जमिनीवरचे पुस्तक उचलायला सांगून त्याचे चित्रीकरण केले गेले. पडद्यावर दिसणारा माणूस श्वास रोखून, पोट आवळून, एक हात गुडघ्यावर दाबून, पाठ फळीसारखी ताठ ठेवून खाली जात होता. आपण इतके आखडून वाकतो हे मला ठाऊक नव्हते. मग पोट सैल सोडून, श्वास सोडत, पाठीला गोल होऊ देत तीच हालचाल करायला सांगितली. वेदना नाहीशी झाली नाही, पण ती कमी झाली, आणि वाकल्याने गादी आणखी सरकत असती तर असे झाले नसते हे मला कोणी पटवून देण्याची गरज उरली नाही. चार वर्षे मी कंबरेला जपत होतो, त्या जपण्यातच तिचे स्नायू दिवसभर मूठ आवळल्यासारखे राहत होते.

पुढचे आठवडे मी त्या बादलीकडे परतत होतो. प्रथम रिकामी बादली, मग पाव भरलेली, मग अर्धी. रोज चालणे दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवायचे होते. दुखले म्हणून थांबायचे नाही आणि बरे वाटले म्हणून एकदम वाढवायचेही नाही. ही दुसरी अट मला अधिक जड गेली. रोजनिशीत झोप, चालणे आणि वेदना यांची नोंद होती. तिसऱ्या आठवड्यात ती चाळताना दिसले की माझे वाईट दिवस वजन उचलल्यानंतर आलेले नव्हते. ते अपुऱ्या झोपेनंतर आणि कामाच्या ताणानंतर आलेले होते. त्यामुळे एक संपूर्ण भेट झोपेच्या वेळांवर खर्च झाली. कंबरेच्या उपचारात हे कशाला, असे सुरुवातीला वाटले खरे. पण नोंदी माझ्याच हातच्या होत्या.

पाचव्या आठवड्यात एका लांबच्या प्रवासानंतर कंबर पूर्वीसारखी जखडली. सकाळी पलंगावरून उतरताना घाम फुटला. सगळे चुकले, त्या तक्त्यांत काही अर्थ नव्हता, असे वाटून मी अभ्यास सोडण्यासाठीच फोन केला. मॅडमनी मला सोडण्याचा हक्क आहे हे आधी सांगितले, मग पहिल्या दिवशीचे लघवीचे, बधिरपणाचे, ताकदीचे सारे प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरे समाधानकारक आल्यावर त्यांनी मला माझीच वही उघडायला लावली. तिसऱ्या भेटीत आम्ही अशाच दिवसासाठी अर्ध्या पानाचा आराखडा लिहून ठेवला होता आणि घाबरल्यामुळे मी तो विसरलो होतो. दिवसभर पडून राहायचे नाही, दर तासाला थोडे चालायचे, नेहमीच्या चालण्याचा चौथा भाग करायचा, ऊब घ्यायची, नवी तपासणी करण्याची घाई करायची नाही. सहाव्या दिवशी मी पूर्वीच्या वेळेइतका चाललो. चार वर्षांत दुखण्याची अशी प्रत्येक उचल मला महिनाभर घरात बसवत आली होती. दुखणे परत येणे म्हणजे उपचार फसणे नव्हे, हे त्या सहा दिवसांत मला जसे कळले तसे कोणत्याही सुरळीत आठवड्यात कळले नसते.

माझ्या ओळखीच्या झालेल्या एका सहभागी बाईंना काहीच फरक पडला नाही आणि त्यांनी चौथ्या भेटीनंतर येणे थांबवले. त्यांनाही मोजमापासाठी फोन जात राहिले. मी कारण विचारले. सोडून गेलेल्यांना हिशेबातून वगळले तर उरलेले बरेच बरे झालेले दिसतात आणि उपचार आहे त्याहून चांगला वाटतो, म्हणून ज्याला ज्या गटात घातले त्याची गणना त्याच गटात शेवटपर्यंत होते, असे उत्तर मिळाले. व्यायामाविषयीही मॅडम अशाच मोजून बोलत. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात २४९ चाचण्या तपासल्या गेल्या. काहीच न करण्याच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत व्यायामाने १०० च्या मापावर सरासरी १५ गुणांनी वेदना कमी झाली. म्हणजे फायदा आहे, पण तो बेताचा आहे आणि प्रत्येकाला सारखा नाही. चालण्याविषयी २०२४ मध्ये आलेल्या ७०१ जणांच्या चाचणीत, कंबरदुखीतून बऱ्या झालेल्यांनी शिकवणीसह नियमित चालणे सुरू केले तेव्हा दुखणे परतण्यास निम्म्या लोकांना २०८ दिवसांहून अधिक काळ लागला. तसे न करणाऱ्यांत तो काळ ११२ दिवसांचा होता. हे आकडे ऐकून मी निराश झालो नाही. कोणत्याही हमीपेक्षा त्यांचा मला अधिक आधार वाटला, कारण पाचव्या आठवड्यासारखा दिवस त्यांच्यात आधीच धरलेला होता.

अखेरचे मोजमाप एका वर्षाने झाले. मोजमाप घेणाऱ्या ताईंनी उपचाराचा विषय निघू न देता मला वाकायला, पाच वेळा खुर्चीवरून उठायला लावले आणि तीच २४ विधाने पुढे ठेवली. वेदनेचा आकडा मी ३ लिहिला. हळू चालण्याच्या विधानावर खूण केली नाही, मोजे घालण्याच्या विधानावरही नाही. खाली उतरत गेलो तेव्हा एकूण चार खुणा झाल्या होत्या आणि झोपेचे विधान राहिले होते. त्या आठवड्यात दोन रात्री कंबरेने मला जागे ठेवले होते. वर्षभर माझ्यासाठी एवढे कष्ट घेणाऱ्या मॅडमचा चेहरा डोळ्यांसमोर आला, त्यांचा अभ्यास यशस्वी व्हावा असे मला फार वाटत होते, आणि पेन क्षणभर कागदावर तसेच टेकून राहिले. मग मी पाचवी खूण केली आणि कागद परत दिला.